अहो आरव, अरे श्रीधर

आमच्या सेंटरमध्ये दीड वर्षाच्या पोराला ‘अहो’ आणि ऐंशीच्या म्हाताऱ्याला ‘अरे’ म्हणायची पद्धत होती. पद्धत म्हणजे एकट्या आत्याची सवय, पण आत्याची सवय हाच तिथला कायदा. “अहो आरव, चड्डी वर घ्या. अरे श्रीधर, दात घाल.” पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंची जीभ घसरली. दुसऱ्यांदा वाटायचं, डोकं घसरलं. तिसऱ्या खेपेला तो स्वतःच पोराला ‘अहो’ म्हणत आत यायचा.

ती नक्की कोणाची आत्या, हे फारसं कोणाला माहीत नव्हतं. तिच्याहून मोठी माणसंही तिला आत्याच म्हणत. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर “लिहूक तुका काय दुसरो विषय गावलो नाय?” म्हणत ती नाहूरहून दहिसरला येईल, आणि लिफ्टची वाट न बघता खालूनच मला ऐकवेल. आमचा आताचा मजला बारावा आहे. तिचा आवाज पुरेल.

बुटकी, रुंद, साडीचा पदर कायम खोचलेला, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. इस्पितळात आयाबाई म्हणून जन्म गेला, तिथे उवांच्या भीतीने एकदा कापले ते पुन्हा वाढवले नाहीत. निवृत्त झाल्यावर तिने मी तेव्हा राहायचे त्या नाहूरच्या सोसायटीच्या तळमजल्यावरचा हॉल मागून घेतला आणि सेंटर सुरू केलं. नोकरीवर जाणाऱ्यांची पोरं आणि नोकरीवर जाणाऱ्यांचे आईबाप, दोन्ही एकाच हॉलमध्ये, एकाच सतरंजीवर. मध्ये पडदा नाही, वेळ वेगळी नाही, जेवण वेगळं नाही. मऊ भात, वरण, एक भाजी. दात न आलेल्यांना आणि दात गेलेल्यांना तेवढीच भाजी थोडी जास्त घोटून.

मी तिथे कामाला गेले तेव्हा तिने मला काही विचारलं नाही. एक रडणारं पोर माझ्या मांडीवर ठेवलं, शेजारी एका आजोबांना बसवलं, त्यांचे हात थरथरत होते. मध्ये ताट ठेवलं आणि म्हणाली, “दोघांना भरव. मी आलेच.” आणि गेली. परत आली तेव्हा ताट रिकामं होतं, मी घामाघूम.

“कोणाला आधी भरवलंस?”

“पोराला.”

“का?”

“रडत होतं ना ते.”

“आणि हा रडला नाही म्हणून थांबला काय?”

मला वाटलं, नोकरी गेली. ती म्हणाली, “उद्या सकाळी ये. आणि ही टिकली लावून नको येऊ, पोरं गिळतात.”

ते अहो-अरेचं एकदा मी धीर करून विचारलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, “पोरांना कोण मान देतं? म्हणून अहो. आणि म्हाताऱ्याला एकेरी हाक मारणारं माणूसच उरत नाही गो बाय. आई जाते, बाप जातो, मोठा भाऊ जातो, बरोबरीचे दोस्त जातात. मग तो कोणाचा बाबा, कोणाचा आजोबा, बिल्डिंगमधले काका. त्याचं नाव कुठे राहतं? बँकेच्या पासबुकात. मी मारते हाक. त्याला बरं वाटतं.”

“आणि नाही वाटलं बरं तर?”

“तर भांडतो. तेपण बरंच.”

हे सगळं तिने कुठून आणलं, असं विचारणारे बरेच यायचे. कुठल्या परदेशात असं असतं म्हणे. आत्या परदेशात गेली नव्हती, विक्रोळीच्या चाळीत वाढली होती. वडील गिरणी सुटल्यावर अंगावरून वारं जाऊन पडलेले, भावाची बायको बाळंतपणात गेलेली, तिचं पोर हिच्याच पदरात. एका खोलीत एका अंगाला बाप आणि दुसऱ्या अंगाला भाचा. ती म्हणायची, “वेगळी सोय करायला जागाच नव्हती. बाप रडला की पोर हसायचं, पोर रडलं की बाप त्याला चालत्या हाताने थोपटायचा. मी आपली चुलीशी. नंतर कळलं, तीच सोय होती.” तो भाचा आता बडोद्याला असतो. लग्न तिने केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणे, “वेळच नाय गावलो,” आणि कामाला लागे.

ती देवमाणूस वगैरे नव्हती, हे सांगायलाच हवं. पत्त्यांत ती उघड उघड चिटिंग करायची. दुपारी झब्बू रंगायचा आणि पोरं तिची हेर. कोणाच्या हातात काय आहे ते मागून बघून कानात सांगायची. म्हातारे चिडून पत्ते टाकून द्यायचे. श्रीधर तर एकदा चपला घालून घरी निघाला होता. “जा जा,” ही म्हणाली, “बायकोशी खेळ. ती तर बघू पण देणार नाही.” तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

तिला टीव्ही चालायचा नाही, बंद दार चालायचं नाही, आणि नुसता बघायला आलेला माणूस मुळीच चालायचा नाही. एका कंपनीचे मोठे साहेब एकदा बघायला आले, बरोबर फोटो काढणारा. मदत मिळेल म्हणून आम्ही हॉल पुसून चकचकीत केला होता. आत्याने साहेबांपुढे मटारची परात सरकवली. “बसा. सोलता सोलता बोलू.” साहेब हसले, बसले, दोन-चार शेंगा सोलल्या, फोटोवाल्याकडे बघितलं. “फोटो सगळे सोलून झाल्यावर,” आत्या म्हणाली. साहेबांनी शेवटपर्यंत मटार सोलले, नमस्कार केला आणि पुन्हा कधी आले नाहीत. मी तिच्यावर चिडले. पोरांसाठी नवी खेळणी येणार होती, म्हाताऱ्यांसाठी चांगल्या खुर्च्या. ती म्हणाली, “मटार गोड होते.” आजही मला वाटतं, त्या दिवशी ती चुकली. पण तिला चुकीची लाज वाटायची नाही, आणि बरोबर ठरल्याचा गर्वही नाही, हेही खरं.

मग तो मार्च आला आणि सगळ्या जगाबरोबर आमच्या हॉललाही कुलूप लागलं. चार दिवसांचा प्रश्न, असं वाटून माणसं आपापल्या पिशव्याही तिथेच खुंटीवर ठेवून गेली होती. प्रत्येकाची एक कापडी पिशवी असायची, पोरांची आणि म्हाताऱ्यांची शेजारी शेजारी. कोणाचं लंगोट, कोणाची कानटोपी, कोणाचा जास्तीचा चष्मा.

पहिले काही आठवडे कोणीच कोणाला दिसलं नाही. मग भाजीपुरतं खाली उतरायला मिळू लागलं आणि एका सकाळी मी हाक ऐकली. आमची सोसायटी जुनी, चार मजल्यांच्या इमारती मधल्या मैदानाभोवती. मी खिडकीत गेले. खाली आत्या उभी. एका हातात भाजीची पिशवी, मास्क हनुवटीवर ओढलेला, तोंड वर.

“मंगलाऽऽ! गुडघो कसो आसा?”

दुसऱ्या मजल्यावरच्या मंगलाताई खिडकीत आल्या. “बरा आहे गं!”

“चालतंस काय घरात? की बसून खातंस?”

मग पुढची इमारत. “अहो ईशाऽ! दूध प्यायलात?” एक छोटं डोकं ग्रिलला चिकटलं. मग त्याच्या पुढची. “श्रीधराऽऽ! दात घातलेस काय रे?”

अख्ख्या सोसायटीला ऐकू गेलं. श्रीधर गॅलरीत आला, पांढरा सदरा, केस नीट भांग पाडून बसवलेले. पोस्टात आयुष्य काढलेला टापटीप माणूस. त्याने तोंड उघडून दात दाखवले आणि आत गेला. आजूबाजूच्या खिडक्यांतून किती तरी दिवसांनी हसण्याचे आवाज आले.

त्यानंतर ते रोजचं झालं. वॉचमन ओरडला, सेक्रेटरींनी नोटीस लावली, एकदा मैदानात गस्तीवरच्या पोलिसाने अडवलं. “मावशी, घरी जा.” “जातंय रे बाबा, एकच माणूस राहिलाय.” तो थांबला. तिची हाक झाली, वरून उत्तर आलं, मग तो तिच्या मागोमाग फाटकापर्यंत चालत गेला. मी तिला म्हटलं, “फोन कर ना, कशाला धोका घेतेस?” ती म्हणाली, “फोनवर सगळे बरेच असतात.”

मग हाका कमी व्हायला लागल्या. मंगलाताईंना मुलगी पुण्याला घेऊन गेली. एका आजोबांना रुग्णवाहिकेतून नेलं, ते आलेच नाहीत. मागच्या इमारतीतल्या दोघी बहिणी एका आठवड्यात गेल्या. कोणालाच कोणाच्या दारात जाता आलं नाही. आत्या खाली उभी राहायची, एखाद्या बंद खिडकीकडे क्षणभर बघायची, पुढच्या खिडकीला हाक मारायची.

एके दिवशी श्रीधरची खिडकी उघडली नाही. आत्याने पुन्हा हाक मारली. दुसऱ्या दिवशीही तेच. “श्रीधराऽ! रुसलंस काय? झब्बूत आता चिटिंग नाय करूचंय!” तिसऱ्या दिवशीही. त्या घरात काय चाललं होतं ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं, दारं बंद करून माणसं आपापलं सोसत होती. त्यानंतरच्या सकाळी तिने हाक मारली तेव्हा गॅलरीत श्रीधरची सून आली. तोंडावर मास्क, डोळे सुजलेले.

“आत्या, बाबांना हाक मारू नका,” ती म्हणाली. “बाबा गेले. त्याला झाले तीन दिवस.” मग थोडं खाली वाकून, “आई आत आहेत. त्यांना ऐकू जातं.”

आत्याने भाजीची पिशवी खाली ठेवली. मास्क नाकावर ओढला. मग पिशवी तिथेच टाकून मागच्या चाळीतल्या आपल्या खोलीकडे निघून गेली. पिशवी मी खाली जाऊन उचलली. दुसऱ्या दिवसापासून हाका बंद झाल्या.

सगळं हळूहळू सुरू झालं. शाळा उघडल्या, ऑफिसं उघडली. माणसं मला जिन्यात अडवून विचारू लागली, सेंटर कधी? कोणाची सासू दिवसभर घरात एकटी, भिंतीकडे तोंड करून पडलेली. कोणाचं पोर टाळेबंदीत जन्मलेलं, आईबापांशिवाय कोणी दिसलं की किंचाळणारं. सेक्रेटरी तसे भले गृहस्थ. ते म्हणाले, “हॉल किती दिवस बंद ठेवू? एक क्लासवाला मागतोय. आत्यांना म्हणावं, घ्यायचा तर घ्या.”

मी गेले सांगायला. आत्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत टीव्ही चालू. ज्या बाईने सेंटरमध्ये टीव्ही येऊ दिला नाही ती दिवसाउजेडी टीव्हीसमोर बसलेली, आवाज बंद करून. मी सगळं सांगितलं. तिने मान वळवली नाही.

“माका जमाचा नाय आता.”

“अगं, पोरं तुझी वाट बघतायत.”

“पोरं कोणाची वाट बघत नाहीत. ती मोठी होतात.”

“आणि म्हातारे?”

“कोण उरलाय? सांग ना नावं.”

मी नावं घ्यायला लागले. चार घेतली, पाचवं जिभेवर आलं आणि थांबले. ती म्हणाली, “बघ. तुलाही पुढे जाता येत नाही. मी रोज सकाळी उठते आणि तिथेच अडकते. त्याच्या बायकोला आतून ऐकू जात होतं गो. तो मेलेला, आणि मी खाली उभी राहून दात घातलेस काय विचारतेय.”

“तुला कुठे माहीत होतं,” असलं काहीतरी बोलले. ती पुन्हा टीव्हीकडे बघू लागली. मी सेक्रेटरींना सांगितलं, क्लासवाल्याला महिनाभर थांबवा. त्यांनी थांबवलं, पण महिनाभरच.

मी चार वेळा गेले, चारही वेळा तोंड पाडून परत आले. पाचव्या वेळी माझ्याबरोबर श्रीधरची सून होती. मी तिला आणलं नव्हतं, तीच जिन्यात भेटली आणि म्हणाली, मलाही आत्यांकडे काम आहे. दारात उभं राहूनच तिने सांगितलं, “बाबांची पिशवी हॉलमध्ये राहिलीय. त्यात त्यांचा चष्मा आहे. आईंना हवाय.”

आत्या ताडकन उठली. टीव्ही बंद केला, फळीवरची चावी घेतली. पदर खोचत म्हणाली, “चल.”

कुलूप गंजलं होतं, तेल सोडून उघडावं लागलं. आत कबुतरांनी झडपेतून येऊन संसार थाटला होता. सतरंजी उंदरांनी कुरतडलेली. पोरांच्या चपला दाराशी ओळीने, आता त्या कोणाच्याच पायात जाणार नव्हत्या. आणि समोर खुंट्यांवर सगळ्या पिशव्या, धुळीने एका रंगाच्या झालेल्या. सून पुढे झाली आणि श्रीधरची पिशवी शोधू लागली. आत्याने तिचा हात धरला.

“अशी एकटीच घेऊन जाऊ नको. सासूला म्हणावं, रविवारी स्वतः ये. मी सगळ्यांनाच बोलावते.”

“आई नाही यायच्या. त्या घराबाहेर पडत नाहीत.”

“असांदे. सांग तरी.”

मग ती स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली, वरच्या फळीवरची बरणी काढली, झाकण उघडून लोणच्याची फोड तोंडात टाकली. मी “अगं, अगं” म्हणेपर्यंत खाऊनही टाकली. “झकास मुरलंय,” ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी मी तिच्या तोंडून चांगला शब्द ऐकला.

त्या आठवड्यात ती घरोघर गेली. खालून हाका मारल्या नाहीत. एकेक जिना चढून, दम खात, बेल वाजवून. मी बरोबर होते. काही दारांत माणसं तिच्या गळ्यात पडून रडली. एका दारात मुलगा म्हणाला, “आमच्या आईला तुमच्याकडूनच लागलं असणार. पोरं नि म्हातारे एकत्र कोंबता तुम्ही.” सेंटर तर केव्हाच बंद होतं, त्याची आई त्यानंतर किती तरी महिन्यांनी गेलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या म्हणाली, “असेल रे बाबा.” आणि तिथेच पायरीवर बसली. बसून राहिली. शेवटी त्याने आतून पाण्याचा तांब्या आणला. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, “रविवारी ये. तिच्या पिशवीत निळी शाल आहे, तू दिवाळीला घेतलेली.” तो रविवारी सगळ्यांच्या आधी आला.

शनिवारी आम्ही हॉल धुतला. मी पिशव्या धुवायला काढल्या तर आत्याने ओढून घेतल्या. “धूळ झटक फक्त. धुतल्यास तर वास जाईल.”

रविवारी तिने वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली. फोटोंना हार नाहीत, समई नाही. सेक्रेटरी चार शब्द लिहून आले होते. ती म्हणाली, “भाषण नको. ज्याने त्याने आपल्या माणसाची पिशवी घ्यायची, वडा खायचा आणि त्याचा एक वांडपणा सांगायचा. चांगलं सगळेच सांगतात.”

मग एक मुलगी उठली, ईशा, आता चांगली उंच झालेली. म्हणाली, “श्रीधर आजोबा कारल्याची भाजी माझ्या ताटात टाकायचे आणि मी ती आत्याच्या ताटात टाकायचे.” सगळे हसले. आत्या म्हणाली, “आणि मी म्हणायची, आज कारलं माका एवढा कसा?” मग एकेक जण सुरू झालं. त्या दोघी बहिणींतली धाकटी डायबिटीस असून पोरांच्या डब्यातली जिलबी चोरायची. शालवाल्याची आई पत्त्यांत आत्याहून जास्त चिटिंग करायची आणि कधीच सापडली नाही. तो मुलगा शाल हातात धरून ऐकत होता, हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. शेजारच्या बाईने त्याच्या ताटात अजून एक वडा वाढला. ज्यांना तेव्हा खांदाही देता आला नव्हता, ती माणसं त्या दिवशी तिथे मनसोक्त रडली आणि जेवली.

संध्याकाळी खुंट्या रिकाम्या झाल्या. एक सोडून. श्रीधरची बायको आली नव्हती. सून पिशवी न्यायला पुढे झाली तर आत्या म्हणाली, “राहू दे तिथेच. उद्यापासून हॉल उघडाच असणार आहे.”

असं आम्हाला कळलं की सेंटर सुरू होतंय.

पोरं लगेच आली. म्हातारं मात्र एकही आलं नाही. घरची माणसं घाबरलेली, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. काही पालक म्हणाले, “आत्या, नुसतं पाळणाघरच चालवा ना. म्हाताऱ्यांचं पुढे बघू.” आत्या डॉक्टरांना विचारून आली. सगळ्या खिडक्या काढून मोठ्या जाळ्या लावल्या. ज्याला शिंक आली त्याने घरी थांबायचं, पोर असो की आजोबा, आणि मास्क हनुवटीवर ओढायचा नाही, हे ती आता स्वतःला बजावू लागली. पण एका गोष्टीवर ती अडून बसली. “दोन्ही, नाहीतर कुलूप.” रोज ती म्हाताऱ्यांचा भात शिजवायची. रोज तो उरायचा. मी म्हटलं, “वाया जातोय.” ती म्हणाली, “मी खाते ना.” आणि खरंच खायची, उभ्यानेच, गार झालेला.

आठवडा उलटला असेल. दुपारची जेवणं चालली होती. दारात काठीचा आवाज झाला. बघते तर श्रीधरची बायको, कुमुदताई. बारीक, ताठ, कडक इस्त्रीचं पातळ. नवरा रोज सेंटरला जायचा तेव्हा ही म्हणायची, पोरांत पोर होऊन बसतो, शोभतं का. ती स्वतः कधी उंबऱ्यापर्यंतही आली नव्हती. आज जिने उतरून, मैदान ओलांडून एकटी आली होती. मागून धावत आलेली सून दाराबाहेरच थांबली.

आत्याच्या हातातली वाटी तशीच राहिली. मी तिला एवढी घाबरलेली कधी बघितली नव्हती.

“तू हाका मारणं का थांबवलंस?” कुमुदताईंनी विचारलं.

“तुला ऐकू जायचं ना... मला नव्हतं गं माहीत. तो गेलेला आणि मी—”

“मला ऐकू जायचं. म्हणूनच विचारतेय.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच. मुलगा बाबा म्हणतो, सून बाबा म्हणते. ते गेल्यावर घरात त्यांचं नाव कोणी काढेना, मला त्रास होईल म्हणून. ते तीन-चार दिवस सकाळी तू खालून त्यांना नावाने हाक मारायचीस. मी गॅलरीच्या दारामागे येऊन उभी राहायची. आणि मग ह्या पोरीने तुला सांगितलं आणि तू थांबलीस.”

आत्या खाली बसली, सतरंजीवर, पोरांच्या ताटांमध्ये. पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मग हात लांब करून म्हणाली, “ये कुमुद. आत ये.”

कुमुदताई चपला काढून आत आल्या. खुंटीवरची पिशवी काढली, उघडून चष्मा बघितला, पुन्हा आत ठेवला, पिशवी छातीशी धरली. “ते कुठे बसायचे?”

मी खिडकीजवळची जागा दाखवणार होते. आत्या म्हणाली, “त्याची जागा त्याच्याबरोबर गेली. तू तुझी शोध.”

मला ते फार कठोर वाटलं. कुमुदताईंनी हॉलभर नजर फिरवली, नाक मुरडलं आणि पंख्याखालची जागा धरली. तिथे एक दोन-अडीच वर्षांची मुलगी ताट मांडीवर घेऊन भाताचे गोळे करून फरशीवर मांडत होती.

“अन्नाशी खेळू नये. ताटात ठेव ते,” कुमुदताई म्हणाल्या.

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. ती टाळेबंदीत जन्मलेलीच, परक्या माणसाचं बोलणं ऐकायची तिला सवय नव्हती. तिने एक गोळा उचलला आणि त्या कडक इस्त्रीच्या पातळावर ठेवला.

“अगं ए!”

मुलीने भोकाड पसरलं. कुमुदताईंनी आवाज चढवला. ते बघून शेजारचं पोर रडायला लागलं, ईशाचा धाकटा भाऊ हसायला लागला, कोणाची तरी वाटी कलंडली आणि वरण सतरंजीवर वाहू लागलं. सून दाराबाहेरून “आई, आई, जाऊ दे” म्हणत होती. मी फडकं घेऊन धावले.

आत्या होती तिथेच बसून होती. डोळे अजून ओले, पण दोन्ही हातांनी गुडघे थोपटत ती त्या सगळ्या गोंधळाकडे बघत होती.

“चला,” ती म्हणाली, “उघडलं सेंटर.”

आणि उठून भात वाढायला गेली.